उलटं कुंकू

त्या वर्षी भाद्रपदात साताऱ्यातल्या म्हाताऱ्या काच-कारागिरांना काच-तपासणी केंद्राची पत्रं यायला लागली.

पत्रं म्हणजे मनगटावरच्या पट्टीवर उमटणारी. कागद आता वापरतं कोण? पण बबन जाधवांनी आपलं पत्र मुद्दाम छापून आणलं होतं. अशी गोष्ट हातात धरून दाखवली नाही तर लोकांना खरी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोडोलीत वैजयंताबाई शेडग्यांच्या ओट्यावर ते धापा टाकत येऊन बसले आणि पाण्याचा तांब्या यायच्या आधीच त्यांनी कागद पुढे केला.

"वाचा, वैजूताई. 'भिंगावर चारशे नंबरची घासणी अपुरी. हात : बबन रामचंद्र जाधव.' पस्तीस वर्षांपूर्वीचं भिंग! ते कुठल्याशा डोंगरावर बसून मजेत तारे बघतंय, आणि हे मला विचारतायत, घाई का केलीत?"

"मग? का केली होती?"

"अहो, मागं साहेब उभा होता घड्याळ घेऊन! माल आजच्या गाडीनं गेला पाहिजे म्हणून. तो नाही का दिसत त्या यंत्राला? साहेब?"

"साहेब नाही दिसत, बबनराव. हात दिसतो."

"तेच म्हणतो मी," बबनराव पाणी घटाघट पिऊन म्हणाले. "चित्रगुप्ताला निदान मनातलं तरी कळतं."

यंत्राचं सरकारी नाव 'तलवेधी दर्शक' असं होतं. चित्रगुप्त हे नाव कंपनीतल्या निवृत्त मंडळींनी ठेवलं आणि तेच गावभर झालं. वैजयंताबाईंना मात्र पत्र आलं नव्हतं. सत्तराव्या वर्षी त्यांच्या वाट्याला फक्त मानच आला होता. देगाव रस्त्यावरच्या काचेच्या कंपनीत आता माणसं घासत नव्हती, यंत्राचे हात घासत होते. आणि ते हात ज्या वळणानं फिरत ते वळण वैजयंताबाईंचं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हातांत तारांचे मोजे घालून पंधरा दिवस त्यांच्याकडून काच घासून घेतली होती. कंपनीच्या दाराशी पाटी होती : 'येथे वैजयंता चालीने काम होते.' नातसुना ती पाटी पाहुण्यांना दाखवायला नेत.

काच घासणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला वाटतं, लाकडावर रंधा मारावा तसं असेल. तसं नसतं. लाकूड सोलून निघतं, काच फुटून निघते. बिडाच्या सपाट तव्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घ्यायचं, वर काच ठेवून फिरवायची. पुडीचा एकेक कण काचेत टोचतो, इवलीशी कपची उडवतो आणि जाता जाता खाली एक भेग सोडून जातो. कण जितका जाड, तितकी भेग खोल. ऐंशी नंबरची पूड सगळ्यात जाड. तिच्या भेगा केसाच्या जाडीइतक्या आत जातात. मग दोनशेवीस, मग चारशे, मग सहाशे. पुढच्या पुडीचं काम एवढंच, की मागचीनं सोडलेल्या भेगांच्या तळापर्यंत काच उतरवायची. शेवटी डांबराच्या तव्यावर सिरियमच्या गुलाबी पुडीनं पॉलिश. पॉलिश झालं की काच वाहत्या पाण्यासारखी दिसते, बघणाऱ्याचा जीव थंड होतो. पण पॉलिशमध्ये एक खोट आहे. ते वरचा पापुद्रा शेणानं सारवल्यासारखा पसरवतं आणि खाली राहिलेली भेग झाकून टाकतं. वरून जमीन गुळगुळीत, खाली घुशीचं बीळ.

इतकी वर्षं ते बीळ बघायचं तर काच आम्लात बुडवून तिचा नाश करावा लागे. चित्रगुप्ताला नाश करावा लागत नव्हता. तो काचेत तिरका उजेड सोडी आणि भेगांवर आपटून परत आलेला उजेड वाची. कांद्याचे पापुद्रे मोजावेत तशी त्याला काचेची घडण कळे : कुठली पूड किती वेळ वापरली, काच कुठल्या दिशेनं फिरली, दाब कुठल्या हाताचा जास्त होता. प्रत्येक कारागिराचं फिरवणं वेगळं. कुणी आठाच्या आकड्यासारखं फिरवी, कुणी लंबगोल. भेगांचा कल त्याप्रमाणे पडे. जुन्या नमुन्यांशी तो कल ताडून पाहिला, की यंत्र हात ओळखून नाव सांगे.

आणि नाव सांगितलं, की ते खरंच.

*

आठवड्यानं अलमास आली. ताहेरा अत्तारची मुलगी. काच-तपासणी केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होती, चौतीस वर्षांची, केसांत लवकर चंदेरी आलेली. आली की तिचं पहिलं काम म्हणजे वैजयंताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचं. आज ती तशी शिरली नाही. ओट्यावरच बसली.

"मावशी, रेवती सबनीसच्या खिडकीचे तुकडे मिळाले."

वैजयंताबाईंचा हात शेंगा सोलता सोलता थांबला.

ती खिडकी कुणी विसरणं शक्य नव्हतं. तळव्याहून जाड, पुऱ्या ताटाएवढी गोल काच. एका प्रयोगशाळेतल्या दाबाच्या टाकीला बसवायची. आत समुद्राच्या तळाइतका दाब, बाहेरून काचेला डोळा लावून बघायचं. कंपनीनं केली, परीक्षकानं पास केली, टाकीला बसली. तीन वर्षं छान चालली आणि एका सकाळी फुटली. त्या वेळी काचेला डोळा लावून उभी होती रेवती सबनीस, वय वर्षं सव्वीस. तिचा उजवा डोळा गेला.

चौकशी झाली. सहाशेची घासणी आणि पॉलिश ज्या हातानं केलं तो हात ताहेराचा. ताहेरानं आपण होऊन सांगितलं, की मुलीला ताप होता म्हणून सहाशेच्या दिवशी मी वीस मिनिटं आधी घरी गेले. चौकशीला तेवढं पुरलं. ताहेराची नोकरी गेली. तिच्या जागी पॉलिशची मुख्य म्हणून वैजयंताबाई आल्या. त्या दिवसापासून ताहेराच्या घरात काच आली नाही. पेले स्टीलचे, आरसा हाताच्या पंजाएवढा, खिडक्यांना लाकडी झडपा.

"लहानपणी मी शाळेत मुलींना सांगायचे," अलमास म्हणाली, "माझ्या तापानं एका ताईचा डोळा गेला म्हणून. दोन वर्षांची होते मी तेव्हा. मला वाटायचं, मी ताप काढायला नको होता."

"असं बोलू नये बाळ."

"आता नाहीच बोलणार. मावशी, सहाशे पुरं होतं! वीस मिनिटं गेली असतील, पण अम्मीचा हातच एवढा होता, की त्याच्या आधीच तळ गाठला होता. चारशेची एक भेग शिल्लक नाही. मी तीनदा वाचलं."

वैजयंताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मग आनंदाची गोष्ट झाली की. चेहरा असा का?"

अलमासनं पट्टी पुढे धरली. काचेच्या कडेचं चित्र होतं. स्वच्छ पांढऱ्यात एक काळी वाकडी रेघ. "हे बघा. ही एकच भेग. फूट इथूनच सुरू झाली. हिची खोली बघा, हा ऐंशी नंबरचा कण आहे, आणि तो लागलाय पॉलिशच्या वेळी. सगळ्यात जाड कण, सगळ्यात शेवटी. पुढच्या पॉलिशनं वरचा ओरखडा निघाला, खालची भेग राहिली. आणि कडेला असल्यामुळे पकडीच्या कड्याखाली झाकली गेली, परीक्षकाला दिसली नाही."

पुढचं वैजयंताबाईंना सांगायची गरज नव्हती. काचेवर ताण असला, की हवेतलं बाष्प भेगेच्या टोकाशी जाऊन बसतं आणि तिथले सांधे एकेक करून सोडवतं. एका दिवसात काही होत नाही. वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मग एका सकाळी शेवटचा सांधा.

"आता केंद्राची समिती लिहिणार, की पॉलिश करणाऱ्या कारागिरानं तवा धुतला नव्हता. म्हणजे पुन्हा अम्मी. आणि या वेळी यंत्राच्या सहीनं. पुढच्या सोमवारी अहवाल बंद होतोय. मी मुलगी, म्हणून मला त्यात बोलता येत नाही." तिनं चित्र आणखी मोठं केलं. "एक गोष्ट मात्र कळत नाही. त्या भेगेच्या तोंडाशी चुन्याचा अंश सापडलाय. काचेत तो नाही, पुडीत नाही, डांबरात नाही. नळाचं पाणी म्हणावं तर तेवढ्याच जागी कसा? तुम्ही तिथं होतात मावशी. पॉलिशच्या खोलीत चुना कशाला वापरायचात?"

"चुना?" वैजयंताबाई म्हणाल्या. "नाही गं. चुना कशाला असेल."

अलमास गेल्यावर त्यांनी आपला उजवा अंगठा पाहिला. मग पदरात घेतला.

*

कंपनीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा असे. पहाटेपासून सगळे तवे घासूनपुसून मांडायचे. ताहेरा आदल्या दिवशी झेंडूच्या माळा करायला थांबे आणि पूजेच्या दिवशी कंदी पेढे आणी. पेढे दुसऱ्या कुणी आणलेले तिला चालत नसत. कुंकू लावायचा मान वैजयंताचा. आणि त्या कुंकवाची एक रीत होती, ती जगात दुसरीकडे कुठे नसेल. ती दिगूमेस्त्रींनी घालून दिली होती.

कुंकू उलटं लावायचं. दारापासून आत नाही, आतून दाराकडे. आधी डांबराचा तवा, मग सहाशे, चारशे, दोनशेवीस, आणि सगळ्यात शेवटी दाराजवळचा ऐंशीचा तवा. बारकाकडून जाडाकडे. कारण ऐंशीच्या तव्याच्या बिडात कण रुतलेले असतात. कितीही धुवा, एखादा राहतोच. अंगठा आधी ऐंशीला टेकला आणि मग डांबराला, तर कुंकवाबरोबर कणही जातो.

"देवाला सगळे तवे सारखे," दिगूमेस्त्री म्हणत, "काचेला नाहीत. आणि चुकून सुलटं गेलात, तर दर तव्याला अंगठा धुऊन या."

खिडकीची काच कंपनीत घडत होती, त्या वर्षी दिगूमेस्त्री निवृत्त झाले होते आणि पूजेला मालकांच्या आई आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हिरवी पैठणी, हातात घरून आणलेली चांदीची कोयरी. हळदीला चुना लावून घरीच केलेलं, लालभडक ओलसर कुंकू. त्या दारातून आत आल्या त्या समोरच ऐंशीचा तवा.

"हं, लाव की गं," त्या म्हणाल्या. "थांबलीस कशाला? मी आत येईन तशी लावत चल."

वैजयंता म्हणाली, "आईसाहेब, आपल्याकडं आतून लावतात."

"आतून? मोटार सुरू व्हायच्या आधी गावाला पोचलीस वाटतं!" सगळे हसले. वैजयंताही हसली आणि तिनं ऐंशीच्या तव्याला कुंकू लावलं. मधला भाग माळेनं झाकलेला, म्हणून कडेला. दोनशेवीसला जाताना तिला मेस्त्रींचं वाक्य आठवलं. ती नळाकडे वळली, तोटीला हात लावला.

"अगं अगं!" आईसाहेब ओरडल्या. "कुंकवाचा हात धुतेस? पूजा चाललीय, सवाष्ण बाई तू, आणि पाण्याखाली कुंकू सोडतेस? नवरा आहे ना घरी?"

सगळी खोली बघत होती. वैजयंतानं तोटीवरचा हात काढला. मनात म्हणाली, एवढ्यानं काय होतंय. दोनशेवीस, चारशे, सहाशे, आणि शेवटी डांबर. ऑक्टोबरचा उकाडा, डांबर ओठासारखं मऊ झालेलं. तिनं अंगठा कडेला दाबला तसा त्याचा ठसा उमटला, मध्ये लाल ठिपका. दोन दिवसांनी ताहेरानं तो तवा नेहमीसारखा धुतला, चांगला तीन पाण्यांनी. पण मऊ डांबरात दाबून बसवलेला कण पाण्यानं निघत नाही. तो आत बसून राहतो आणि वरचं डांबर झिजलं, की तोंड वर काढतो.

ज्या नवऱ्यासाठी अंगठा धुतला नाही, तो पुढे नऊ वर्षांनी साध्या काविळीनं गेला.

*

सदर बझारातल्या ताहेराच्या घराचं दार उघडंच होतं. ती खाटेवर बसून तांदूळ निवडत होती.

"ये, चित्रगुप्ताची लाडकी! त्या खुर्चीवर नको बसू, ती डुगडुगते. ती मी पाहुण्यांसाठी ठेवलीय."

वैजयंताबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

"गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा काय म्हणणार, तो हल्ली माझ्याशी बोलतच नाही." ताहेरानं एक खडा उचलून वाटीत टाकला. टक्कन आवाज झाला. "अलमासनं सांगितलं तुला? सहाशे पुरं होतं म्हणे."

"सांगितलं."

"ऐकून मला हसावं का रडावं कळेना. एकोणतीस वर्षं, वैजू! या मुलीच्या कपाळाला हात लावला, की मला तो ताप आठवायचा. तिला कधी नीट जवळ घेतलं नाही मी. आणि सहाशे पुरं होतं." तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "बरं, हे सुटलं तर आता दुसरंच. म्हणे तवा धुतला नाहीस. मी एक वेळ तोंड धुतलं नसेन, पण तवा? तूच सांग. तू शेजारी बसायचीस. मी तवा धुतला नाही, असं कधी झालंय?"

"नाही झालं."

"मग तसं त्यांना लिहून दे ना. तुझं ऐकतील. तुझ्या नावाची पाटी आहे तिथं."

वैजयंताबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की इथं एक बाहेर जायची वाट आहे. 'ताहेरा तवा नेहमी धुवायची' एवढंच लिहून देता येईल. ते खरंही आहे. कदाचित समिती 'कारण अज्ञात' लिहील. कुणालाच काही होणार नाही. चुन्याचं कोडं कोडंच राहील, आणि काही वर्षांनी त्या दोघीही नसतील.

"ताहेरा," त्या म्हणाल्या, "कण मी आणला."

"काय आणलं?"

"ऐंशीचा कण. माझ्या अंगठ्याला लागून आला. खंडेनवमीला, कुंकवाबरोबर. मालकांच्या आई आल्या होत्या त्या वर्षी. मी सुलटं लावलं. अंगठा धुतला नाही."

बाहेरून भंगारवाल्याची हाक येऊन गेली.

"कुठला अंगठा?"

वैजयंताबाईंनी उजवा हात पुढे केला. ताहेरानं तो धरला नाही, नुसता पाहिला.

"मी पेढे आणले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "तुला पहिला दिला होता." आणि मग, "तुला कधी कळलं?"

"चौकशीच्या दिवशी. खात्री नव्हती. पण ते म्हणाले, काच कडेला फुटली. मी कुंकू कडेला लावलं होतं."

"त्याच दिवशी?"

"हो."

"त्या दिवशी दुपारी तू आपला डबा माझ्यापुढं सरकवलास. मेथीची भाजी होती. म्हणालीस, खा, ताहेरा, होईल सगळं नीट." तिचा आवाज चढला नाही. "मी खाल्ली गं ती भाजी."

"रोज वाटायचं, उद्या बोलू. मग तुझी जागा मला दिली. मग तर..."

"ते नको सांगू. ते मला कळतं." ताहेरानं तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं, पण बोटं हलेनात. "पहाटेच्या नमाजानंतर मी रोज त्या मुलीसाठी दुआ मागते. नाव घेऊन. रेवती सबनीस. एक दिवस चुकला नाही, आजारपणातसुद्धा. अल्लाला म्हणते, माझ्या हातानं तिचं झालं, ते माझ्या नावावर लिही, तिला सुखात ठेव." मग ती म्हणाली, "उद्यापासून मी नाही मागणार. तू माग. तुझ्या देवाकडं माग, पण रोज माग. आणि पूर्ण नाव घे. त्याच्याकडं रेवत्या पुष्कळ असतील."

वैजयंताबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मागून काही ऐकू येईल म्हणून थांबल्या. तांदळात खडे शोधणारी बोटं पुन्हा चालू झाल्याचा तेवढा आवाज आला.

*

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहाटे उठून देवापुढे बसत आणि पूर्ण नाव घेत. घरात मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, कुणी विचारलंय का तुला? यंत्राला सापडलं नाही ते तू कशाला सांगतेस?" मोठ्या नातसुनेनं त्या रविवारी माहेरचे पाहुणे आले तेव्हा त्यांना कंपनीची पाटी दाखवायला नेलं नाही.

सोमवारी त्या केंद्रात गेल्या. जबाब घेणारा अधिकारी साळुंखे म्हणून एक तरुण होता, बोलायला अदबशीर. अलमास नियमाप्रमाणे खोलीबाहेर, काचेच्या दारापलीकडे उभी होती. तिला आईनं सगळं सांगितलं होतं. वैजयंताबाई जिन्यात दिसल्या तेव्हा ती बाजूला झाली, 'मावशी' म्हणाली नाही.

खोलीत भिंतीला लागून दुसरी खुर्ची होती. तिच्यावर ताहेरा बसली होती. जिचा दोष तपासायचा तिला जबाब ऐकायचा हक्क असतो, साळुंख्यानं सांगितलं. ताहेरानं मान वर केली नाही. नऊ दिवसांत तिचा शब्द नव्हता.

वैजयंताबाईंनी सगळं सांगितलं. उलट्या कुंकवाची रीत, दिगूमेस्त्री, चांदीची कोयरी, तोटीला लावलेला आणि परत काढलेला हात. साळुंखे मध्येच म्हणाला, "म्हणजे चुना हा कुंकवातला?"

"घरचं कुंकू होतं. हळद आणि चुना."

"आजी, यंत्र इतके दिवस या चुन्याशी झटापट करतंय."

"त्याला कुणी पूजेला बोलावलं नव्हतं," वैजयंताबाई म्हणाल्या. "लिहा. मालकांच्या आईंचं नाव घालू नका. त्या म्हणाल्या हे खरं, पण त्यांना काचेतलं काय कळत होतं? मला कळत होतं. आणि शेवटी हेही लिहा, की ताहेरा अत्तारनं तवा तीन पाण्यांनी धुतला होता. मी शेजारी बसून पाहिलं."

भिंतीजवळच्या खुर्चीत हालचाल झाली.

"आणि ती दाराची पाटी काढायला सांगा."

साळुंख्यानं जबाब वाचून दाखवला. मग टेबलावरची काळी काच त्यांच्यापुढे सरकवली. "इथं उजवा अंगठा ठेवा. एवढं झालं की संपलं."

त्यांनी अंगठा ठेवला. काच उजळली, विझली. 'ठसा उमटला नाही.' पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबून ठेवला. चाळीस वर्षं पुडी चोळून चोळून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. तो काचेसारखाच गुळगुळीत झाला होता. त्यांनी घासलेल्या काचेत त्यांचा हात ओळखता येत होता, हातावर मात्र काही उरलं नव्हतं.

"राहू दे आजी," साळुंखे म्हणाला, "डोळ्यावर घेऊ. डोळा दाखवला तरी चालतो."

"डोळा नको," वैजयंताबाई चटकन म्हणाल्या.

साळुंखे गोंधळला. काळ्या काचेवर अक्षरं आली : 'बोट स्वच्छ करून पुन्हा ठेवा.'

काचेच्या दारापलीकडे अलमास कपाळ टेकवून उभी होती. मग भिंतीजवळून, नऊ दिवसांनी, आवाज आला. कोरडा, कामाच्या वेळचा, शेजारच्या तव्यावरून यायचा तसा.

"अंगठा धुऊन ये, वैजू."

वैजयंताबाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. नळ खोलीच्या कोपऱ्यातच होता. त्यांनी तोटी सोडली, पाण्याखाली अंगठा धरला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश धुवायला लागल्या.